जोडीनं गाणं रचताना दुसऱ्यासाठी जागा कुठे ठेवायची

प्रश्न इंदूरच्या दोन मित्रांचा आहे. एक गिटार वाजवतो, दुसरा गातो आणि शब्द लिहितो. कॉलेजपासून दोघं एकत्र आहेत. दुसऱ्यांची गाणी वाजवताना बँड छान जमतो, पण स्वतःची चार-पाच मराठी-हिंदी गाणी आहेत आणि ती सगळी अर्ध्यावर अडकली आहेत. त्यांनी विचारलंय: वर्षानुवर्षं एकत्र गाणी करणाऱ्या रॉक बँडमधल्या जोड्या नेमकं काय करतात? समोरासमोर बसून रचतात की आपापलं लिहून आणतात? आणि गाण्यावर नाव कोणाचं लावायचं?

दोन्ही करतात, आणि कुठलीच जोडी कायम एकाच पद्धतीला चिकटून राहत नाही. बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी सुरुवातीला दोन गिटार घेऊन अक्षरशः समोरासमोर बसायचे. मॅकार्टनी डावखुरा, त्यामुळे समोरच्याची बोटं आरशात पाहिल्यासारखी दिसायची आणि कॉर्ड विचारावी लागायची नाही. पुढे एकजण बरंचसं गाणं घेऊन यायचा आणि दुसरा त्यातला अडलेला भाग पुरा करायचा. स्मिथ्स या बँडमध्ये गिटारवादक जॉनी मार वाद्यांचा पूर्ण तुकडा कॅसेटवर भरून द्यायचा आणि गायक मॉरिसी त्यावर एकट्यानं चाल आणि शब्द बसवायचा. आर.ई.एम.मध्ये तिघं वादक संगीत उभं करायचे, मायकेल स्टाइप त्यावर गाणं शोधायचा. रशमध्ये संगीत गेडी ली आणि ॲलेक्स लाइफसनचं, तर शब्द ड्रमर नील पर्टचे. जेनेसिसचे तिघं १९८३ च्या अल्बमसाठी काहीच न ठरवता स्टुडिओत शिरले, टेप चालू ठेवून वाजवत राहिले आणि नंतर त्यातून तुकडे निवडले.

पद्धती इतक्या वेगळ्या असल्या तरी या सगळ्या जोड्यांत एक गोष्ट पक्की आहे: गाणं दुसऱ्याच्या हातात देताना ते किती कच्चं असावं, हे त्यांना माहीत असतं. माझ्या मते तुमची गाणी अडकण्याचं कारणही इथेच आहे. गिटारवाला घरी लॅपटॉपवर ड्रम, बास, दोन गिटार आणि शेवटचा सोलोसुद्धा घालून चार मिनिटांचा डेमो पाठवतो. गायकाला त्यात शिरायला वाटच राहत नाही, तो फक्त मोकळ्या बारमध्ये (बार म्हणजे ठेक्याचा एक फेरा, इथे चार मात्रांचा) शब्द भरतो. किंवा उलटं होतं. गायक वहीत चार कडव्यांची कविता पूर्ण करून आणतो, तिची लय त्याच्या डोक्यात घट्ट बसलेली असते आणि गिटारवाला तिच्याखाली कॉर्ड टाकत राहतो. दोन्ही वेळा एक माणूस रचतो आणि दुसरा साथ करतो. साथीदाराला ते गाणं आपलं वाटत नाही, त्यामुळे ते पुरं करायची ओढही त्याला राहत नाही.

मग आणायचं किती? गिटारवाल्यानं चार किंवा आठ बारची एक रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) किंवा कॉर्डची चाल, आणि तिच्यावर गुणगुणलेली एखादी ओळ. बस, एवढंच. एक गिटार आणि आवाज, फोनवर रेकॉर्ड केलेलं, मिनिटभराच्या आत. ड्रमलूप नको, कारण ठेका एकदा कानात बसला की चाल त्याच्या बाहेर जात नाही. गायकानं आणायची एक ओळ, जास्तीत जास्त दोन, पण ती खरोखर म्हणावीशी वाटणारी हवी. शिवाय गाणं कोण कोणाला म्हणतंय आणि कधी म्हणतंय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "रात्री उशिरा घरी परतणारा माणूस बायकोला झोपेतून न उठवता काहीतरी सांगू पाहतोय" एवढं पुरतं. "गाणं एकटेपणावर आहे" एवढ्यानं काही होत नाही, कारण त्यातून पुढची ओळ कुठली, हे कळत नाही.

पूर्ण डेमो आधीच झाला असेल तर तो फेकू नका, पण जोडीदाराला लगेच ऐकवूही नका. त्यातली सगळ्यात चांगली आठ बार काढा, साध्या गिटारवर वाजवा आणि तेवढीच द्या. पूर्ण डेमो पंधरा-वीस वेळा ऐकला की त्यातली चूकसुद्धा आवडायला लागते आणि तिथे कोणी बदल सुचवला की राग येतो.

आता बैठक. अडीच ते तीन तासांहून लांब ठेवू नका आणि ती बँडच्या सरावाच्या दिवशी ठेवू नका. राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरातल्या घराच्या मागच्या खोलीत दोघं, दोन गिटार किंवा एक गिटार आणि हार्मोनियम, इतकं पुरे. तासावर भाड्यानं घेतलेली सरावाची खोली, म्हणजे जॅमपॅड, या कामाला वाईट जागा आहे. तिथे घड्याळ चालू असतं, ॲम्प समोर असतो आणि हात आपोआप ठरलेली गाणी वाजवू लागतात. शिकलेली गाणी वाजवून हात गरम करायची सवय असेल तर ती या बैठकीपुरती सोडा. शेवटी वाजवलेल्या गाण्याचा ठेका आणि कॉर्डचा क्रम पुढचा तासभर हातातून जात नाही.

फोनचं रेकॉर्डिंग बसल्याबसल्या चालू करा आणि उठेपर्यंत बंद करू नका. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स सांगतो की १९६५ मधल्या त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध रिफची पहिली नोंद त्याच्या नकळत उशाजवळच्या कॅसेटवर झाली होती, आणि उरलेली टेप त्याच्या घोरण्यानं भरली होती. चांगली गोष्ट अनेकदा दुसरंच काही शोधताना हाताला लागते आणि दहा मिनिटांत ती कशी वाजवली होती ते आठवत नाही. रेकॉर्डिंगला नाव देताना तारीख, पट्टी, टेम्पो (मिनिटाला किती मात्रा) आणि एक ओळखीचा शब्द घाला: "१२ जून, ई मायनर, ९६, ओला रस्ता". "न्यू रेकॉर्डिंग ४७" असं नाव असलेली फाइल पुन्हा कोणी उघडत नाही.

पहिला अर्धा तास "नाही" म्हणायचं नाही. समोरच्यानं काही वाजवलं की निदान दोन वेळा त्याच्याबरोबर वाजवायचं, मग बदल करायचा. त्यानंतर नकार चालतो, पण एका अटीवर: ओळ नको म्हणणाऱ्यानं पर्याय द्यायचा, आणि पर्याय सुचत नसेल तर नेमका कुठला शब्द किंवा कुठला स्वर खुपतोय ते बोट ठेवून दाखवायचं. "मजा नाही येत" हे उत्तर बाद. लेनन-मॅकार्टनीच्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याची गोष्ट इथे उपयोगी आहे. मॅकार्टनीनं दुसऱ्या ओळीत वयाशी यमक जुळवायला सौंदर्यस्पर्धेतल्या राणीचा उल्लेख घातला होता. ती ओळ खोटी वाटते, हे दोघांनाही जाणवलं. तिच्या जागी त्यांनी अगदी बोलण्यातली, काहीच न सांगता डोळा मारणारी ओळ घातली. बदल चार-पाच शब्दांचा, पण गाण्याचं सगळं वागणं बदललं. जोडीदाराचा उपयोग तो हाच. एकट्यानं लिहिताना ओढूनताणून आणलेलं यमक सुटून जातं, दुसऱ्याच्या कानाला ते लगेच लागतं.

नव्वद मिनिटांनी मोठी विश्रांती घ्या आणि ती गाण्याबद्दल न बोलता घ्या. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. जे जमलंय ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चुका होऊ देत, पण न थांबता एकदा रेकॉर्ड करायचं. हे केलं नाही तर पुढच्या बैठकीचा पहिला तास "मागच्या वेळी काय होतं" हे आठवण्यातच जातो.

पट्टीचा प्रश्न लवकर सोडवा. इंदूरमध्ये गाणारा मुलगा बहुतेक वेळा थोडंफार शास्त्रीय शिकलेला असतो, त्याला "काळी पाच" म्हणजे काय ते कळतं. गिटारवाल्याला बी फ्लॅट कळतो. दोन्ही एकच आहेत. पांढरी पाच म्हणजे जी. जीमध्ये बसवलेलं गाणं गायकाला काळी पाचमध्ये हवं असेल तर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावा आणि कॉर्डचे तेच आकार वाजवा. पट्टी ठरवताना अंतऱ्याकडे पाहू नका, कोरसमधला, म्हणजे ध्रुवपदातला, सगळ्यात वरचा स्वर पाहा. गायक जो स्वर पूर्ण आवाजात सलग पाच वेळा न ताणता लावू शकतो, त्याच्या दोन अर्धस्वर खाली कोरसचं टोक ठेवा. घरी बसून हळू आवाजात गाताना गाणं नेहमी उंच पट्टीत सोपं वाटतं. गणेशोत्सवात मोकळ्या मैदानावर, आठ गाणी झाल्यावर तोच स्वर फाटतो.

आता शब्द. मराठीत रॉक गाणं लिहिताना सगळ्यात जास्त अडथळे इथे येतात आणि इंग्रजी बँडच्या मुलाखती वाचून ते सुटत नाहीत, म्हणून यावर जरा थांबतो.

बहुतेक जोड्या आधी खोटे शब्द गातात. मॅकार्टनीच्या सगळ्यात जास्त गायल्या गेलेल्या गाण्याचे पहिले शब्द अंड्याच्या भुर्जीवर होते, हे प्रसिद्धच आहे. कीथ रिचर्ड्स तर शब्दांच्याही आधी नुसते स्वर शोधतो: या जागी "आ" हवा की "ऊ", ते चाल सांगते. तुम्हीही तसंच करा, पण खोटे शब्द मराठीच ठेवा. "ना ना ना" किंवा इंग्रजी वाटणारी बडबड गायलात तर तोंडाला इंग्रजीचे आघात लागतात आणि नंतर मराठी शब्द त्या साच्यात बसत नाहीत. जेवणाचे पदार्थ, दुकानांच्या पाट्या, रिक्षावाल्याशी बोललेली वाक्यं, काहीही चालेल. फक्त वरच्या आणि लांब स्वरांवर "आ", "ओ", "ए" ठेवा. "ई" आणि "ऊ" वरच्या पट्टीत गळा आवळतात, आणि मायक्रोफोनमध्ये "ई" फार टोचतो.

मग अक्षरांचा हिशोब. अभंगाची रचना इथे थेट कामाला येते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात, आणि चार मात्रांच्या बारमध्ये आठ अर्धमात्रा असतात. म्हणजे एका बारमध्ये एक चरण नेमका बसतो. उदाहरण घेऊ: "रस्ता ओला, दिवे मंद". अक्षरं आठ, हिशोब बरोबर, पण गाऊन पाहा. तिसऱ्या मात्रेवर "दि" येतो. तो ऱ्हस्व आहे, जोर दिला की "दीवे" ऐकू येतं. आणि शेवटचा शब्द बोलताना "मंद्" असा बंद होतो, त्यामुळे तो लांबवता येत नाही. लांबवलात तर "मंदाऽ" होतो आणि वेगळाच शब्द वाटतो. आता शब्द फिरवा: "ओला रस्ता, मंद दिवे". पहिल्या मात्रेवर दीर्घ "ओ", तिसरीवर जड "मं", आणि शेवटी उघडा "वे", जो हवा तितका धरता येतो. तेच चार शब्द, तोच अर्थ, पण आता गाता येतंय.

एवढ्यावर सोडलंत तर ते भजनासारखं वाटेल, कारण प्रत्येक अर्धमात्रेवर एक अक्षर आहे आणि ओळ समेवर सुरू होतेय. रॉकमध्ये ड्रमसेटमधला स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि त्याला मोकळी जागा लागते. "दिवे" चौथ्या मात्रेवरून उचला, "दि" त्यानंतरच्या अर्ध्या मात्रेवर टाका आणि "वे" पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर पडू द्या. किंवा पहिली मात्रा रिकामी सोडून "ओला" तिच्यानंतर सुरू करा. अक्षरं मोजणं हे पहिलं काम. ती कुठे पडतात ते हलवणं दुसरं, आणि ते गिटारवाल्यानं करायचं असतं. शब्द लिहिणाऱ्याला आपल्या ओळीची बोलण्यातली लय इतकी सवयीची असते की त्याला दुसरी ऐकू येत नाही.

बोलण्यातला आणि लिहिण्यातला फरकही लक्षात ठेवा. "घरात" लिहिताना तीन अक्षरं आहेत, बोलताना दोनच झटके. "करवत" चार अक्षरं, बोलताना दोन. गायक बोलण्यानं मोजत असेल आणि गिटारवाला कागदावर, तर दोघांचं गणित प्रत्येक ओळीत एकानं चुकेल आणि चूक कोणाची ते कळणार नाही. कागदावर शब्द न लिहिता झटके लिहा, जड झटक्याखाली रेघ मारा.

क्रियापद शेवटी येतं, हा मराठीचा स्वभाव. त्यामुळे प्रत्येक ओळ "आहे", "नाही", "गेली", "होती" यांवर संपते आणि यमक फुकट मिळतं. फुकट मिळालेलं यमक दोन कडव्यांत कंटाळवाणं होतं. क्रियापद आत ओढा आणि ओळ नामावर संपवा. सर्वनामं मराठीत गाळता येतात, म्हणून "मी" आणि "तू" ही एक-एक अक्षराची सुटी नाणी आहेत. जिथे अक्षर कमी पडतं तिथे घाला, जास्त झालं तिथे काढा. "येत आहे" ऐवजी "येतोय", "आलोय", "थांबलीय" वापरा. अक्षरं वाचतात आणि ओळ आजच्या माणसाच्या तोंडची वाटते. "ळ" आणि "ण" वेगवान ओळीत जिभेला मागे ओढतात, त्यांना संथ ओळीत जागा द्या, तिथे ते फार सुंदर वाटतात. आणि इंदूरची मराठी हिंदीत सहज मिसळते, तेव्हा मिसळायचंच असेल तर भाषा ओळीच्या मध्ये बदलू नका, गाण्याच्या भागावर बदला: अंतरा मराठी, कोरस हिंदी, किंवा उलटं. ओळीच्या मध्ये बदललेली भाषा ऐकणाऱ्याला शब्द न सुचल्यासारखी वाटते.

गाणं अर्ध्यावर अडकतं ते साधारण दुसऱ्या कोरसनंतर. सांगायचं ते सांगून झालेलं असतं आणि पुन्हा तेच म्हणायचा कंटाळा आलेला असतो. लेनन-मॅकार्टनीनं ही जागा दुसऱ्याला देऊन टाकली. १९६५ च्या त्यांच्या एका गाण्यात अंतरा मॅकार्टनीचा, समजुतीचा आणि आशेचा. मधला भाग लेननचा, उदास वाटणाऱ्या मायनर पट्टीत, आयुष्य थोडं आहे असं बजावणारा, आणि त्यातला काही भाग तीन मात्रांच्या वळणावर न्यायची सूचना त्यांच्याच बँडमधल्या हॅरिसनची. १९६७ मध्ये तर लेननच्या अपुऱ्या गाण्याच्या मध्ये मॅकार्टनीचा पूर्ण वेगळा, आधीच पडून असलेला तुकडा बसवला. जोड कसा द्यायचा ते ठरेना, म्हणून नुसती २४ बार मोजून रिकामी सोडली आणि नंतर तिथे ऑर्केस्ट्रा भरला.

म्हणून ब्रिज, म्हणजे हा मधला वेगळा भाग, नेहमी दुसऱ्यानं लिहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अंतरा आणि कोरस ज्याचा, त्यानं ब्रिजला हात लावायचा नाही. गाणं जीमध्ये असेल तर ब्रिज ई मायनर किंवा सीवर सुरू करा, आठ बार ठेवा आणि शेवटच्या दोन बार डीवर आणून सोडा, म्हणजे कोरस आपोआप जीवर उतरतो. कोरसची चाल वर चढणारी असेल तर ब्रिज खालच्या स्वरांत ठेवा. अंतऱ्यात अक्षरं दाट असतील तर इथे निम्मी करा. शब्दांत काळ बदला किंवा बोलणारा बदला: आत्तापर्यंत नवरा बोलत होता, तर आठ बार झोपलेल्या बायकोला द्या. हे सगळं एकाच ब्रिजमध्ये करू नका, दोन बदल पुरतात. सगळंच बदललं की तो दुसऱ्या गाण्याचा तुकडा वाटतो.

आता लांबी मोजून बघा, कारण कागदावर गाणं नेहमी लहान वाटतं. इंट्रो ४ बार, अंतरा १६, कोरस ८, अंतरा १६, कोरस ८, ब्रिज ८, शेवटचा कोरस दोनदा १६: एकूण ७६ बार. १२० च्या टेम्पोला एक बार दोन सेकंदांची, म्हणजे २ मिनिटं ३२ सेकंद. ९६ ला अडीच सेकंदांची, म्हणजे ३ मिनिटं १० सेकंद. इंट्रो १६ बारची केलीत तर ९६ ला पहिला शब्द चाळिसाव्या सेकंदाला येतो. तिथे काही घडत नसेल तर ती कापा.

बँडसमोर नेण्याआधी गाणं एका गिटारवर, एका आवाजात, शेवटपर्यंत उभं राहतंय का ते पाहा. उभं राहत नसेल तर ड्रम आणि डिस्टॉर्शननं ते राहणार नाही, फक्त आवाज वाढेल. ड्रमर आणि बासवाल्याला भागांची नावं आणि बारचे आकडे लिहिलेला एक कागद द्या, आणि काय वाजवायचं ते सांगू नका. पहिल्यांदा हळू आवाजात वाजवा, जाड काड्यांऐवजी ब्रश किंवा काड्यांच्या जुडीनं, म्हणजे शब्द ऐकू येतात. नेहमीच्या चुका तीन. ड्रमर दर चार बारला फिल (ठेका मोडून वाजवलेला भरावाचा तुकडा) मारतो आणि गाण्याचे भाग कुठे बदलतात ते कळेनासं होतं. गिटार अंतऱ्यातही कोरसइतकंच दाट वाजतं, मग कोरस आल्याचं कळत नाही. आणि बास सतत कॉर्डच्या मूळ स्वरावरच बसून राहतो. पहिल्या दोन सांगून सुटतात. तिसरीसाठी बासवाल्याला गायकाच्या ओळी पाठ करायला लावा, कुठे हलायचं ते त्याला आपोआप कळतं.

चौघांनी मिळून वाजवता वाजवता गाणं शोधायचं असेल तर निवड वेगळ्या दिवशी करा. चाळीस मिनिटांचं जॅम झालं की लगेच कोणीही "ते मस्त होतं" म्हणू नये. प्रत्येकानं दुसऱ्या दिवशी एकट्यानं पूर्ण ऐकायचं आणि आवडलेल्या जागांची मिनिटं-सेकंद लिहून पाठवायची. दोन किंवा जास्त जणांच्या यादीत आलेल्या जागा ठेवायच्या, बाकी सोडायच्या. वाजवताना जे आवडतं ते बहुतेक वेळा आपलं स्वतःचं वाजवणं असतं.

नाव आणि पैसे. हे गाणं लोकांपुढे जाण्याआधी ठरवा, तेही त्याच आठवड्यात. लेनन-मॅकार्टनीनं लवकरच ठरवलं होतं की कोणी काहीही लिहो, बँडसाठी लिहिलेल्या गाण्यावर नाव दोघांचं. आर.ई.एम.नं आपली गाणी बँडमधल्या सगळ्यांच्या नावावर समान ठेवली. क्वीननं बरीच वर्षं प्रत्येकाचं नाव वेगळं लावलं आणि कुठलं गाणं सिंगल (अल्बमबाहेर स्वतंत्र रेकॉर्ड) म्हणून जाईल यावर वाद होत राहिले. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी श्रेय सगळ्या बँडला दिलं, आणि मग निवड गाण्याच्या गुणावर होऊ लागली. उलट उदाहरणही आहे. प्रोकोल हॅरमच्या १९६७ च्या गाण्यातला ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरनं जवळजवळ चार दशकांनी दावा केला. त्याला संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा मिळाला आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं त्याच्या बाजूनं निकाल दिला. ज्याची धून लोक गुणगुणतात तो भाग "नुसती साथ" म्हणून सोडून देता येत नाही, हे यातून घ्या.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत ही दोन वेगळी कामं आहेत. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, संगीताचा संगीतकाराचा, आणि त्यानं नोटेशन लिहिलं नसलं तरी तो त्याचाच. दोघांचं योगदान वेगळं काढता येत नसेल तरच ते काम संयुक्त मानलं जातं. हक्क संपतो तो निर्माता गेल्यानंतर ६० वर्षांनी, आणि संयुक्त काम असेल तर शेवटचा निर्माता गेल्यानंतर. रेकॉर्डिंगचा हक्क या दोन्हींहून वेगळा असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्दकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही, तेव्हा "एकरकमी घ्या, पुढचं सगळं आमचं" असं कोणी म्हणालं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व दोघांनीही वेगवेगळं घ्या.

वाटणीचा कागद एका पानाचा असतो: गाण्याचं नाव, तारीख, शब्दांचे टक्के, संगीताचे टक्के, दोन्हींची बेरीज वेगवेगळी १००, सगळ्यांच्या सह्या. तुमच्यासारख्या दोघांना मी सरळ निम्मं-निम्मं सुचवेन, शब्दांतही आणि संगीतातही. कोणाची ओळ किती हे मोजू लागलं की प्रत्येक बैठकीत माणूस आपली ओळ टिकवायला भांडतो. ड्रमर किंवा बासवाल्यानं अशी गोष्ट दिली असेल की ती काढल्यावर गाणं ओळखू येत नाही, तर त्याचा वाटा त्याच दिवशी लिहा.

मालव्यातल्या कबीर-भजनांच्या किंवा लोकगीतांच्या चालीवर काम करायचा मोह इंदूरकराला होतोच, आणि व्हावाही. कुमार गंधर्वांनी देवासला राहून या चालींचं किती देणं घेतलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण पारंपरिक चाल आणि पद तुमचे होत नाहीत. कागदावर "पारंपरिक" असं लिहा आणि आपल्या नावासमोर फक्त मांडणी. एखाद्या गायकाकडून चाल मिळाली असेल तर त्याचं नावही घाला.

राहिली तुमची चार-पाच अडकलेली गाणी. ती सगळी एका बैठकीत ऐका, प्रत्येकातली फक्त सगळ्यात चांगली आठ बार काढा आणि बाकी विसरा. त्यातल्या कुठल्या दोन आठ-बार एकाच पट्टीत किंवा जवळच्या पट्टीत आहेत आणि टेम्पोत दहापेक्षा कमी फरक आहे ते पाहा. एकाचा अंतरा आणि दुसऱ्याचा कोरस करून जोडून बघा. जोड बसला नाही तर मध्ये चार बार रिकामी सोडा आणि पुढे जा. मग आदलाबदल करा: ज्या गाण्याची सुरुवात गिटारवाल्याची, त्याची पुढची ओळ आठवडाभर फक्त गायकानं लिहायची, आणि ज्याची कविता आधी झाली होती, तिची चाल गिटारवाल्यानं शब्द न वाचता, नुसते झटके पाहून करायची. आठवड्यानं भेटताना प्रत्येकानं मिनिटभराचंच रेकॉर्डिंग आणायचं.